मोटारीचे पाचवे चाक

म्हैसूर नगरीने भारतीय भाषांना जे शब्द दिले, त्यांत 'आकाशवाणी' हा सर्वांत मानाचा. तेथील महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्राने धारण केलेले हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीचे झाले. काही शब्द असे विद्वानांच्या घरातून निघून दूरवर जातात, तर काही रस्त्याच्या धुळीतून येऊन घराघरांत शिरतात. 'स्टेपनी' हा या दुसऱ्या जातीचा शब्द होय. म्हैसूरच्या कोणत्याही मोटार कारागिरापुढे तो उच्चारावा. तो कानडी की इंग्रजी, असा विचारही न करता तो गाडीचे पाचवे चाक काढायला लागेल. मराठी माणसालाही या शब्दाच्या कुळाची कधी चौकशी करावीशी वाटली नाही. इंग्लंडात मात्र आज हा शब्द काढला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लंडनच्या पूर्व भागातील त्या नावाची वस्ती येईल. चाकाशी त्याचा संबंध त्याला लागणार नाही.

आणि खरोखरच लंडनमधील वस्तीशी या चाकाचा काही संबंध नाही. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर लानेली नावाचे गाव आहे. तेथील स्टेपनी या जमीनदार घराण्यावरून एका रस्त्याला स्टेपनी स्ट्रीट असे नाव पडले होते. त्या रस्त्यावर टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंचे दुकान होते. १९०४ साली या दोघांनी मोटारीबरोबर नेता येईल असे एक जादा चाक तयार केले आणि त्याला आपल्या रस्त्याचे नाव दिले.

त्या काळी मोटार कारखान्यातून बाहेर पडे ती चारच चाकांनिशी. हवा भरलेला टायर तेव्हा अगदीच नवा होता. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीवर प्रयोग करून १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. त्याआधी चार दशके रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने तीच कल्पना नोंदवून ठेवली होती, हे उघडकीस आल्यावर डनलॉपचे पेटंट टिकले नाही. पण लोकांच्या तोंडी नाव राहिले ते डनलॉपचेच. १८९५ साली पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी शर्यत झाली. तीत फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरांवर चालणारी मोटार उतरवली. ती वाटेत इतक्या वेळा बसली की जिंकण्याचा प्रश्नच उरला नाही. तरीही भरीव रबराची धाव लावून दगडधोंड्यांवर आदळत जाण्यापेक्षा हवेवर तरंगत जाणे आणि मधूनमधून खाली उतरणे लोकांना अधिक मानवले, आणि थोड्याच वर्षांत हवेच्या टायरांनी बाजी मारली.

हे खाली उतरणे मात्र सोपे नव्हते. चाकाचे आरे लाकडाचे, चाक आसाला कायमचे बसवलेले. पंक्चर झाले की चाक गाडीलाच ठेवून, रस्त्यावर गुडघे टेकून, लोखंडी पट्ट्यांनी टायर उचकटायचा, आतली ट्यूब काढायची, छिद्र शोधायचे, ठिगळ लावायचे, पुन्हा सारे आत कोंबून हातपंपाने हवा भरायची. मालक सावलीत उभा राही आणि ड्रायव्हर घाम गाळी. मोटारीच्या त्या पहिल्या दिवसांत ड्रायव्हर ठेवणे ही केवळ चैन नव्हती, हे यावरून ध्यानात यावे.

डेव्हिस बंधूंची युक्ती साधी होती. त्यांचे चाक म्हणजे आरे नसलेली एक गोल लोखंडी रिंग. तिच्यावर हवा भरलेला टायर आधीच चढवलेला. पंक्चर झालेल्या चाकाला हातही लावायचा नाही. त्याच्या बाहेरच्या बाजूला ही रिंग आकड्यांनी पकडून आवळायची आणि मार्गाला लागायचे. दुखऱ्या पायाला कुबडी द्यावी तसा हा प्रकार. १९०६ मध्ये या चाकाची स्वतंत्र कंपनी निघाली आणि त्याचा प्रसार दूरदूरच्या देशांत झाला. पुढे काही वर्षांतच आसावरून सहज काढता येणारी चाके आली, पूर्ण चाकच जादा बाळगण्याची पद्धत पडली आणि डेव्हिस बंधूंची कुबडी अडगळीत गेली. ब्रिटनमध्ये वस्तूबरोबर शब्दही गेला. भारतात आणि माल्टा बेटावर तो राहिला; ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात, तेही याच रस्त्याचे नाव. (आपल्या बोलीत या शब्दाला एक अशिष्ट अर्थही चिकटला आहे. तो सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.)

भारतात हा शब्द एवढा रुजला याला आपले रस्ते कारण झाले. युरोपात बैल रस्त्यावरून नाहीसे होत होते, तेव्हा येथे सारी वाहतूक बैलांवर होती. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला घोड्यासारखी एक नाल न मारता प्रत्येक खुराला दोन पत्र्या ठोकाव्या लागतात. पत्री झिजली की तिचे खिळे रस्त्यावर गळतात. शिवाय गाडीच्या चाकांची लोखंडी धाव खडी उखडून रस्ता उकरून ठेवते, ते वेगळेच. म्हैसूर-बंगळूर रस्त्याचे उदाहरण घ्यावे. कावेरीवर कृष्णराजसागर धरण झाल्यावर मंड्याच्या परिसरात ऊस पिकू लागला आणि १९३३ साली तेथे म्हैसूर शुगर कंपनी स्थापन झाली. ऊस कारखान्याकडे चालला तो बैलगाड्यांतून. संस्थानाच्या दोन प्रमुख शहरांना जोडणारा हा रस्ता, आणि हाच गाड्यांच्या रांगांचाही. ज्या रस्त्यावर वर्दळ अधिक त्याच रस्त्यावर खिळे अधिक, हा नियम येथे पुरेपूर लागू पडे.

म्हैसूरचे महाराज रोल्स-राइस गाड्या एका वेळी सात-सात घेत, अशी एक आख्यायिका मोटारींच्या षौकिनांत सांगितली जाते. ती खरी असो वा नसो. घोडागाडीच्या काळात जे राजा-रंक भेद रस्त्यावर दिसत, ते पत्रीच्या खिळ्याने पाळले नाहीत एवढे खरे.

दुसऱ्या महायुद्धात पाचवे चाक ही एकाएकी चैनीची वस्तू ठरली. १९४२ च्या पहिल्या तीन महिन्यांत जपानने मलाया, सिंगापूर आणि डच ईस्ट इंडीज घेतले. जगातील बहुतेक रबर त्याच मुलखांत पिकत असे. अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्रात सर्वांत आधी नियंत्रण आले ते साखरेवर किंवा पेट्रोलवर नव्हे, टायरांवर. पुढे एका मोटारीमागे पाचांहून अधिक टायर बाळगू नयेत, असाही दंडक तेथे निघाला. भारतातही टायरांवर नियंत्रण बसले. बसगाड्या कोळशाच्या वायूवर धावू लागल्या. ट्यूबवर ठिगळे चढत गेली आणि फाटक्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावून तो आणखी काही मैल पळवण्याची कला आपल्या कारागिरांनी चांगलीच आत्मसात केली. युद्ध संपले, पण ही कला राहिली.

म्हैसूर संस्थानात मोटारी तयार व्हाव्यात अशी सर विश्वेश्वरय्या यांची मोठी इच्छा होती. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी तशी योजना आखली; वालचंद हिराचंद हे तिच्यामागे उभे होते. तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारने अनुकूलता दाखवली नाही. अखेर १९४४ मध्ये वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी निघाली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला झाला. म्हैसूर शहराच्या वाट्याला मोटार आली नाही, मोटारसायकल आली. १९६१ साली फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीचा कारखाना तेथे सुरू झाला. चेकोस्लोव्हाकियातील जावा गाडी आता म्हैसूरची झाली, १९७३ पासून 'येझदी' या नावाने विकली जाऊ लागली आणि १९९६ साली कारखाना बंद होईपर्यंत देशभर धावत राहिली.

याच सुमारास पुण्याजवळ आकुर्डीला बजाज स्कूटरचा कारखाना उभा राहिला. या दोन वाहनांची तुलना आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. स्कूटरला स्टेपनी असे, मोटारसायकलला नसे. हा भेद योगायोगाचा नाही. स्कूटरचे मूळ इटलीतील व्हेस्पा गाडीत. ती १९४६ साली कोराडिनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्याने रचली. मोटारसायकलचे चाक काढायचे म्हणजे हात काळे करून घेणे, हे त्याला मुळीच पसंत नव्हते. म्हणून विमानाच्या चाकाप्रमाणे त्याने स्कूटरचे चाक एकाच बाजूने धरले. नट सैल करावेत आणि चाक हातात घ्यावे, इतके ते सोपे. पुढचे चाक आणि मागचे चाक एकाच मापाचे, म्हणून एक स्टेपनी दोघांनाही चाले. रिंगही दोन भागांची, त्यामुळे ती उघडून ट्यूब काढायला लोखंडी पट्ट्यांची झटापट नको. कार्यालयात जाणारा कारकून वाटेत स्वच्छ सदऱ्यानिशी चाक बदलून वेळेवर पोहोचू शकेल, अशी ही व्यवस्था होती. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने स्कूटरवर जे प्रेम केले, त्यात या तिसऱ्या चाकाचा वाटा थोडा नाही.

म्हैसूरची जावा अशा सोयी पुरवीत नसे. तिच्या रचनाकारांनीही विचार केलेला होताच: मागचे चाक काढताना साखळी आणि तिचे दातेरी चक्र जागच्या जागी राही, चाक तेवढे बाहेर येई. पण बाहेर आलेले चाक घेऊन जायचे कोठे? या प्रश्नाचे उत्तर गाडीत नव्हते. ते रस्त्याच्या कडेला होते. ते उत्तर म्हणजे पंक्चरवाला.

या माणसाचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. त्याला पाटी लागत नाही. झाडाच्या फांदीला एक जुना टायर टांगला, की दुकान थाटले. पाण्याने भरलेले घमेले, दोनतीन टायरपट्ट्या, कानस, सोल्यूशनची डबी, रबराचे तुकडे आणि हवेचा पंप एवढे त्याचे भांडवल. ट्यूब फुगवून घमेल्यात बुडवायची आणि बुडबुडे कोठून येतात ते पाहायचे. ती जागा कानशीने खरवडायची, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचे. हे थांबणेच नवशिक्याला जमत नाही. ओल्या सोल्यूशनवर लावलेले ठिगळ पुढच्या गावापर्यंतही टिकत नाही. पक्के काम हवे असेल, तर ठिगळ शेगड्यात दाबून तापवतात. त्यासाठी इंजिनातून निकामी झालेला पिस्टन उलटा ठेवून त्याच्या पोकळीत थोडे रॉकेल पेटवतात. पिस्टनचे आयुष्य इंजिनात संपले, तरी रस्त्यावर संपत नाही. शेवटी टायरच्या आतून हात फिरवून खिळा अजून तेथेच नाही ना, हे पाहायचे आणि शंखजिऱ्याची पूड टाकून ट्यूब आत सारायची. ज्याने हा हात फिरवला नाही, त्याचे गिऱ्हाईक तासाभरात परत येते.

दक्षिणेत काय किंवा महाराष्ट्रात काय, हमरस्त्यांवरील हा व्यवसाय अनेक ठिकाणी केरळातून आलेल्या लोकांनी सांभाळला. त्यामुळे गिऱ्हाईक आणि कारागीर यांची भाषा बहुधा वेगळी असते. मौज अशी की मराठी माणूस पंक्चर 'काढतो', हिंदी भाषक ते 'बनवतो' आणि कानडी माणूस ते 'घालतो'. एकाच कामाला तीन परस्परविरोधी क्रियापदे. तरी काम अडत नाही. या व्यवसायाला काळी बाजूही आहे. दुकानाच्या अलीकडे खिळे पेरण्याचे प्रकार घडतात. बंगळूरच्या बाह्यवलय रस्त्यावर २०१४ च्या सुमारास एका अभियंत्याने रोज जाता-येता चुंबकाने खिळे वेचण्याचा क्रम धरला आणि ते किलोंच्या हिशेबाने साठले. परंतु काही लबाडांवरून साऱ्या व्यवसायाची परीक्षा करणे योग्य होणार नाही. भारतातील कोट्यवधी सायकली, मोटारसायकली आणि जीर्ण चाकांच्या मोटारी स्टेपनीवाचून बिनघोर बाहेर पडत आल्या, त्या या माणसाच्या भरवशावर. वेल्सच्या दुकानदारांनी जे चाक गाडीला बांधले, ते येथे रस्त्याच्या कडेला मैलामैलावर वाटून ठेवलेले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दरम्यान टायरही पालटला. म्हैसूर हे शहर स्वतःच टायर तयार करणारे. तेथील विक्रांत टायर्स हा कारखाना १९९७ मध्ये जे. के. उद्योगसमूहाकडे गेला आणि आजही तेथे टायर तयार होतात. मोटारींचे नवे टायर ट्यूबवाचून चालतात. खिळा घुसला तरी तो छिद्रात घट्ट बसून राहतो, हवा हळूहळू झिरपते आणि गाडी सावकाश पुढच्या गावापर्यंत जाऊ शकते. दुरुस्तीही चाक न काढता होते: खिळा उपटायचा आणि चिकट रबरी पट्टी सुईने छिद्रात खुपसायची. घमेले आणि पिस्टन यांचे काम त्यामुळे निम्म्याने कमी झाले.

याच आधारावर केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ट्यूबविरहित टायर असतील, हवेचा दाब कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र असेल आणि दुरुस्तीचा संच सोबत असेल, तर जादा चाक बाळगण्याची सक्ती उरली नाही. हा बदल १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आला. जागा वाचेल आणि विजेच्या मोटारींत तेथे बॅटरी बसवता येईल, हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. कारण खोटे नाही. चाकाचे वजन वाहून नेण्यात इंधनही खर्ची पडते आणि कित्येक मोटारींची स्टेपनी एकदाही न वापरता भंगारात जाते. परंतु दुरुस्तीच्या संचाला एक मर्यादा आहे. टायरच्या तळव्यात खिळा गेला, तरच त्यातील द्रव छिद्र बुजवतो. खड्ड्याच्या धारदार कडेने टायरची बाजू फाटली, तर तेथे कोणताही द्रव चालत नाही. तेथे दुसरे चाकच लागते. आणि खड्डा हा आपल्या रस्त्यांवर खिळ्याइतकाच सुलभ आहे. नियम करणाऱ्यांनी टायराचा विचार केला, रस्त्याचा तितकासा केला नाही, असे म्हणावे लागते.

कारण त्याच वर्षांत रस्ताही पालटत होता. १२ मार्च २०२३ रोजी बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले. लांबी ११८ किलोमीटर; मधल्या सहा मार्गिका वेगवान वाहनांसाठी, दोन्ही अंगांना दोन-दोन मार्गिकांचे सेवारस्ते. बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या, श्रीरंगपट्टण ही सारी गावे वळसा घालून मागे टाकलेली. पूर्वी तीन तास लागत, तो प्रवास निम्म्याहून कमी वेळात होऊ लागला. मद्दूरचा प्रसिद्ध वडा खायला थांबणारे प्रवासी थांबेनासे झाले आणि तेथील उपाहारगृहांनी तक्रार केली. तिची बातमी वृत्तपत्रांत आली. पंक्चरवाल्याची बातमी झाली नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना मज्जाव झाला. अपघातांची संख्या पाहता तो निर्णय समर्थनीयच होता. पण त्यामुळे हातपंप बांधलेली दुचाकी घेऊन अडलेल्या गाडीपर्यंत पोहोचणारा कारागीरही कुंपणाबाहेर राहिला. आता अडलेल्या माणसाने १०३३ या क्रमांकावर दूरध्वनी करावयाचा आणि गस्तीच्या गाडीची वाट पाहायची; ती येईपर्यंत शेजारून भरधाव गाड्या जात असतात.

म्हैसूरहून उलट दिशेला, उटीकडे निघाले तर अडचण वेगळ्या प्रकारची. गुंडलुपेट मागे पडले की बंदीपूरचे अरण्य लागते. २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत तेथील रस्ता वाहतुकीला बंद असतो आणि दिवसाही वाटेत गाडी थांबवून खाली उतरण्यास मनाई आहे. हत्तींचा वावर लक्षात घेता ती योग्यच. पंक्चरला मात्र ही मनाई कळत नाही. येथे स्टेपनी असली तर दहा मिनिटांत सुटका होते. नसली तर संचातील पंप चालू करून काटा वर चढण्याची वाट पाहत झाडीकडे लक्ष ठेवावे लागते.

महाराष्ट्रातील प्रवाशांना या प्रश्नाची चुणूक समृद्धी महामार्गावर मिळाली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस वाशीम जिल्ह्यात मालेगावजवळ रस्त्यावर पडलेल्या लोखंडी पत्र्यामुळे एका रात्रीत ५० हून अधिक वाहनांचे टायर फुटले. कित्येकांची एकाहून अधिक चाके गेली होती, त्यांना स्वतःची स्टेपनी असूनही पुरली नाही. थंडीच्या दिवसांत मुलाबाळांसह लोक तासन्‌तास रस्त्यावर बसून राहिले. जुन्या रस्त्यावर अशा वेळी धाबा, खेडे, निदान एखादा टांगलेला टायर दृष्टीस पडला असता.

म्हैसूरच्या द्रुतगती मार्गावरून जाताना तो टायर अजूनही दिसतो. खालच्या सेवारस्त्यावर, मंड्याच्या आसपास, उसाच्या गाड्यांच्या वाटेवर तो कोठे कोठे टांगलेला आहे. तेथे आता गिऱ्हाईक येते ते बहुधा दुचाकीवाल्यांचे आणि ट्रॅक्टरवाल्यांचे. वरच्या रस्त्यावर मोटार अडली आणि आतल्या माणसाने त्याला हाक मारली, तर हाक ऐकू जाण्याइतका तो जवळ असतो. परंतु मधल्या कुंपणामुळे त्याला आपली हत्यारे घेऊन पुढच्या चढणीपर्यंत जाऊन वर यावे लागेल, आणि तेथे दुचाकीला प्रवेश नाही.